शिडीवर कोण चढलं

आमच्या कारखान्यातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे माझा थोरला भाऊ. हे मी चेष्टेने सांगत नाही. रंधा मारायचं यंत्र बंद पडलं तर हाताने रंधा मारता येतो, सुकवणीची भट्टी बिघडली तर लाकूड उन्हात ठेवता येतं, पण दादा सर्दीने झोपला की गाडी भरायची थांबते. आम्ही लाकडी शिड्या बनवतो. फळबागेत लागतात तशा, खाली रुंद आणि वर निमुळत्या. तयार झालेली प्रत्येक शिडी दादा भिंतीला टेकवतो, वर चढतो, सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहून अंगाला दोन हिसके देतो आणि खाली बघून म्हणतो, "जाऊ दे." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय आमच्या फाटकाबाहेर एकही शिडी गेलेली नाही.

ही रीत बाबांनी लावली. सुरुवातीला ते स्वतः चढायचे, पण ते अंगाने किरकोळ. दादा शाळेत असतानाच त्यांच्या दीडपट झाला, तेव्हा त्यांनी हे काम त्याच्यावर सोपवलं. त्यामुळे घरात दादाला जेवताना कधी कोणी "पुरे" म्हटलं नाही. आई वाढता वाढता म्हणायची, धंद्यासाठीच खातोय बिचारा. दादाने ही जबाबदारी फार मनापासून निभावली.

दादाचं "जाऊ दे" झालं की वरच्या पायरीवर तापलेल्या लोखंडी ठशाने एक पाखरू उमटवायचं. अंगठ्याएवढं, पंख मिटून बसलेलं. ठसा बाबांनी स्वतः घडवला होता. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला, कारण दादाच्या हाताने पाखरू नेहमी तिरकं बसायचं. ठशापाठोपाठ गिऱ्हाइकं, सरकारी कचेऱ्यांच्या खेपा आणि भांडणंही माझ्याकडे आली. दादा मला ठिणगी म्हणतो. लाकडाच्या कारखान्यात हे नाव कोणी कौतुकाने ठेवत नाही.

आमचा सगळा माल वर्षानुवर्षं एकच व्यापारी उचलत असे. अंगाने इतका वाळका, की त्याच्या पाठीमागे आम्ही त्याला काडीपैलवान म्हणत असू. तो शिड्या परदेशी पाठवतो एवढं आम्हाला ठाऊक होतं. कुणाला, कुठे, याचा तो ताकास तूर लागू देत नसे. आणि आम्हीही कधी खोदून विचारलं नाही, माल उचलला जात होता ना.

मग एकदा शेती-अवजारांचं एक मोठं प्रदर्शन बघायला मी परदेशी गेले. नवी यंत्रं बघायची होती. दुसऱ्याच दालनात एक शिडी उभी होती, आणि आपलं पोर गर्दीत पाठमोरं दिसलं तरी आईला कळतं, तसं मला कळलं. सांध्यातल्या खुंट्या आमच्या, पायऱ्यांची गोलाई आमची. वरच्या पायरीवर काडीपैलवानाच्या कंपनीचा चकचकीत स्टिकर होता. मी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. लाकडाला खळगा लागला. पाखरू घासून काढलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मी तिथूनच त्याला फोन लावला. तो जरासुद्धा गडबडला नाही.

"अगं, तुमचं नाव तिकडे कोण ओळखतं?" तो म्हणाला. "मी सांगतो माल चांगला आहे, म्हणून ते घेतात. ते माझा शब्द विकत घेतात. तुझ्या बाबांचं पाखरू नाही."

मला राग आला तो त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून. समुद्रापलीकडच्या माणसाने आमच्यावर का विश्वास ठेवावा? त्याने आमचा कारखाना पाहिलेला नाही, दादाला शिडीवर पाहिलेलं नाही. मधे कोणीतरी शब्द देणारा लागतोच, आणि शब्द देणारा मग आपलं नाव चिकटवतो. मी फोन ठेवला आणि त्याच दालनात, अंगाची लाही लाही होत असताना, माझी गाठ चष्मेवालीशी पडली.

ती त्या देशातल्या फळबागवाल्यांच्या संघाची खरेदीप्रमुख. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि त्यावरून बघायची सवय. मी तिला खळगा दाखवला आणि सांगितलं की ही शिडी आमची आहे. तिने विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, काही नाही. यावर ती पहिल्यांदा हसली आणि तिने मला त्यांच्या ब्लॉकचेनबद्दल सांगितलं. त्यांच्या संघाला माल विकणारा प्रत्येकजण त्या साखळीत नोंदी करतो. लाकूड कुठलं, कधी सुकवलं, कोणी जोडलं, कोणी तपासलं. शिडीवर एक चौकोनी खूण असते, ती फोनने टिपली की त्या शिडीचा सगळा जन्म समोर येतो. मधे कोणी शब्द देणारा लागत नाही.

"तुमचं नाव आम्हाला ठाऊक नाही, ही अडचण नाही," ती म्हणाली. "तुम्ही काय करता ते दिसलं पाहिजे."

मी घरी आले ती हे वाक्य घेऊनच. घरात साखळीवाला आला. म्हणजे ही नोंदींची व्यवस्था बसवून देणारा संगणकतज्ज्ञ, पण आमच्याकडे त्याचं नाव साखळीवालाच पडलं. त्याने दादाला आणि वहिनीला समजावून सांगितलं. "एक नोंद केलीत, की तिची प्रत त्याच क्षणी साखळीतल्या सगळ्यांकडे जाते. नंतर तुम्ही तुमच्याकडची बदलली तरी बाकीच्यांकडची तशीच राहते. म्हणजे खाली नवीन लिहिता येतं, वरचं खोडता येत नाही."

दादाने थोडा विचार केला. "म्हणजे आपल्या आत्यासारखं. तिला एकदा काही सांगितलं की सगळ्या नातेवाइकांकडे पोचलं. परत घेता येत नाही."

साखळीवाला म्हणाला, तत्त्व बरोबर आहे.

संघाची मुख्य अट एक होती. प्रत्येक शिडी किमान एकशेवीस किलोच्या भाराने तपासलेली हवी. आमच्या फाटकाशी लाकूड तोलायचा मोठा काटा आहे, त्यावर दादाला उभं केलं. एकशेसव्वीस. मला तर हा शुभशकुनच वाटला. संघाने एका कंटेनरची मागणी दिली. हा माल पसंत पडला तर दरवर्षीची कायमची मागणी, तीही आमच्या नावाने, पाखरासकट. काडीपैलवानाला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने निरोप धाडला. खुशाल जा, पण परत आलात तर माझ्या अटीवर. अट अशी, की पाखरू उमटवायचंच नाही, म्हणजे त्याच्या माणसांना घासायचा त्रास नको.

दादा म्हणाला, "ठिणगे, आपल्याकडे सोळा माणसं काम करतात."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "तू फक्त चढ."

नोंदी करायचं काम वहिनीने घेतलं. तिचं अक्षर चांगलं, पण इथे अक्षराचा संबंध नव्हता, तिचा खरेपणा उपयोगी होता. वहिनी म्हणजे, भाजीवाल्याने चुकून एक लिंबू जास्त टाकलं तर ते परत करायला उन्हातून जाणारी बाई. ती रोज सकाळी दादाला काट्यावर उभं करी, आकडा बघी, आणि त्या दिवशी तपासलेल्या प्रत्येक शिडीपुढे तो टाकी. तपासणारा, थोरला भाऊ. भार, इतका. साखळीवाल्याला तिचं काम फार आवडलं. एवढ्या काटेकोर नोंदी कोणी करत नाही म्हणाला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हा सगळ्यांना ठाऊक होती, पण शिड्यांशी तिचा संबंध एकालाही सुचला नाही. दादाचा गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर मग वहिनीपुढे कोणाची डाळ शिजत नाही. दादाच्या ताटातलं तळलेलं गेलं, गोड गेलं, बटाटे गेले. सूप आलं, काकडी आली. दादा काकडीकडे असा बघायचा, जणू तिने त्याच्याशी वैर धरलंय. पण त्याने मुकाट्याने खाल्लं. कपडे ढिले व्हायला लागले, कामगार चेष्टा करायला लागले, वहिनी खूश. कंटेनर भरला, बंदरावर गेला, बोट सुटली. आम्ही सगळ्या कामगारांना जेवण दिलं. दादाने सूप घेतलं.

बोट अर्ध्या वाटेवर असेल. दुपारची वेळ, मी ऑफिसात चहा पीत नोंदी चाळत होते. संघापुढे माहिती मांडायची म्हणून. लाकूड ठीक, सुकवण ठीक, जोडणी ठीक. मग भाराचा रकाना आला. एकशेसव्वीस. एकशेचोवीस. एकशेवीस. मी चहाचा कप खाली ठेवला. एकशेसतरा. एकशेअकरा. शेवटच्या शिड्यांपुढे वहिनीने टाकलं होतं, एकशेतीन.

मी पुन्हा वरपासून मोजलं. अर्ध्याहून जास्त शिड्या अटीपेक्षा कमी भाराने तपासलेल्या, आणि ते आम्हीच, आमच्याच हाताने, जगाला लिहून दिलेलं. मी वहिनीला हाक मारली. ती आली, तिने संगणकाच्या पडद्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"बघितलंत ना वन्सं? तेवीस किलो उतरलेत."

"वहिनी, अट एकशेवीसची आहे."

तिचा चेहरा बघवेना. "मला काय ठाऊक," ती हळूच म्हणाली. "मी तर रोज अभिमानाने लिहीत होते हो."

मी साखळीवाल्याला फोन केला आणि म्हटलं, खोडा. तो म्हणाला, खोडता येत नाही. मी म्हटलं, तुम्ही बसवलंय ना, तुम्हाला तर येत असेल. तो म्हणाला, मलाही येत नाही, कोणालाच येत नाही, त्यासाठीच तर ते आहे. मी त्याला विचारलं की एकशेवीसच्या खालचा आकडा घेऊच नये एवढी अक्कल त्याच्या साखळीला का नव्हती. तो म्हणाला, तुम्ही आकडा घ्या म्हणालात, आकड्याला अडवा असं कोणी सांगितलं नाही. मी फोन आपटला. आपला पैसा घालून आपलंच न ऐकणारी वस्तू घरात आणलेली मी पहिलीच असेन.

दादा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "गप्प बसू. ते कशाला एकेक आकडा बघतायत? आपणच कुठे बघितला?"

दादा आत आला, खुर्चीवर बसला. पूर्वी ती खुर्ची त्याच्याखाली कुरकुरायची, आता गप्प होती.

"ठिणगे," तो म्हणाला, "मी जाऊ दे म्हटलं, तेव्हा माझी समजूत होती की माझं वजन पुरेसं आहे. ते नव्हतं. त्या शिडीवर कोणीतरी चढणार आहे."

"आणि आपण बुडलो तर?"

"तर काडीकडे जाऊ. पण तो माणूस पडायला नको." मग वहिनीकडे वळून म्हणाला, "लिही."

वहिनीने लिहिलं. शब्द दादाचे होते, मी फक्त संघाच्या भाषेत केले. या क्रमांकापासून पुढच्या शिड्या ठरल्यापेक्षा कमी भाराने तपासल्या आहेत. तपासणाऱ्याचं वजन उतरलं, हे आमच्या लक्षात आलं नाही. फेरतपासणी होईपर्यंत या शिड्यांवर कोणीही चढू नये. तिने बटण दाबलं आणि ते त्याच क्षणी सगळीकडे गेलं, आत्याकडून जातं तसं. मी बाहेर जाऊन लाकडाच्या थप्पीआड उभी राहिले आणि रडले. मला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही.

काडीपैलवानही संघाला माल विकायचा, त्यामुळे तो त्या साखळीत होताच. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. आवाजात मध.

"असं कोणी स्वतःच्या हाताने लिहितं का गं? साधा कागद असता तर मी नवा करून दिला असता, कोणाला पत्ता लागला नसता. असो. माल बंदरावरच मला दे. मी दुसरीकडे खपवतो. पाखरू तेवढं घासून घेईन."

एरवी मी त्याला काय ऐकवलं असतं ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी म्हटलं, विचार करून सांगते. एवढी मी खचले होते.

संघाचा निरोप दोन ओळींचा आला. माल आमच्या गोदामात अडवून ठेवला आहे. येऊन तपासा, नाहीतर परत न्या.

आम्ही तिघं गेलो. वहिनीने जाड कॅनव्हासचं एक जाकीट शिवलं होतं, पुढेमागे खिसेच खिसे. ते रिकामं नेलं. वाळू तिकडेही मिळते. गोदामाच्या मागच्या अंगणात बांधकामाची वाळू पडलेली होती, ती वहिनीने पिशवीने मोजून खिशांत भरली, तोंडं शिवून टाकली, आणि दादाला ते जाकीट चढवून गोदामाच्या काट्यावर उभं केलं. एकशेचोवीस. चष्मेवालीने चष्म्यावरून आकडा बघितला, वहिनीने तो नोंदवला, आणि दादा पहिल्या शिडीकडे गेला.

गोदामातली माणसं आधी हसत होती. साहजिक होतं. वाळूचं जाकीट घातलेला एक मोठा माणूस शिडीवर चढतो, वर जाऊन अंग झटकतो, काहीतरी बोलतो आणि उतरतो. मग पुन्हा. आणि पुन्हा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं हसणं संपलं होतं. दुपारी दोघंतिघं आपणहून शिड्या आणून भिंतीला लावायला लागले. दादा घामाने निथळत होता, पण थांबत नव्हता. गुडघ्याचं नावही त्याने काढलं नाही.

"वजन उतरवून गुडघ्याला आराम पडला नसता, तर इतक्या शिड्या झाल्या असत्या का?" वहिनी मला म्हणाली. बिचारीला किती दिवसांनी स्वतःच्या बाजूने बोलायला काहीतरी मिळालं होतं. मी म्हटलं, नसत्या झाल्या, वहिनी. आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झालं. दादा वरून दुसऱ्या पायरीवर होता. कडाड असा आवाज आला, पायरी मधोमध फाटली आणि दादाचा पाय खाली गेला. वहिनी किंचाळली. दादाने दोन्ही हातांनी बाजूचे दांडे धरले, क्षणभर लोंबकळला, आणि खालच्या पायरीवर पाय टेकवून हळूहळू उतरला. त्याच्या तळहाताचं साल निघालं होतं.

चष्मेवाली दहा पावलांवर उभी होती. माझ्या मनात एकच आलं, की सगळं संपलं. समुद्रापलीकडे येऊन, सगळ्यांच्या देखत, आमची शिडी मोडली. मी वहिनीकडे बघितलं. मला म्हणायचं होतं की थांबा, जरा विचार करू. पण तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने फोन उचलला आणि लिहिलं, मोडली. मग शिडीवरची खूण टिपून लाकडाचा गठ्ठा बघितला. त्या गठ्ठ्यातून आणखी आठ शिड्या झाल्या होत्या. त्यातल्या दोन दादा आदल्या दिवशीच पास करून बसला होता.

दादाने रुमाल हाताला गुंडाळला. "त्या सगळ्या बाजूला काढा. ज्यांना मी जाऊ दे म्हटलंय त्याही. त्या लाकडाचं मला काही खरं वाटत नाही."

वहिनीने तेही लिहिलं, आणि मी ते चष्मेवालीला सांगितलं. तिने खिशातून फोन काढला. वहिनीची नोंद तिच्याकडे पोचली होती. मोडली. खाली, नऊ शिड्या आम्ही परत घेत आहोत. तिने ते दोनदा वाचलं. मग मोडलेली पायरी हातात घेतली आणि फाटलेल्या जागी दडलेली काळी गाठ नखाने खरवडली.

"या पायरीवर तुमचे किती किलो चढले होते पहिल्यांदा?" तिने विचारलं.

"एकशेआठ," वहिनी न बघता म्हणाली. प्रश्नाचं आणि उत्तराचं, दोन्हींचं भाषांतर मी केलं.

"म्हणजे तुम्ही गप्प बसला असता तर ही बागेत गेली असती." तिने पायरी उजेडात धरून बघितली. "माझ्याकडे बाकीच्या कंपन्यांच्या हजारो शिड्यांच्या नोंदी आहेत. सगळ्या पास. एकही मोडलेली नाही, एकही परत घेतलेली नाही, एकाचंही वजन उतरलेलं नाही. आणि दर हंगामात माझी माणसं पाय मोडून घेतात. मला आजवर कळत नव्हतं की मी काय वाचतेय." तिने पायरी माझ्या हातात दिली. "तपासणी पुरी करा. मग आपण बसू."

मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग लाव पुढची."

त्यानंतरचे तास मी विसरणार नाही. बातमी साखळीतून बाहेर पसरली होती. आसपासच्या बागवाल्यांनी नोंदी येताना आपापल्या फोनवर बघितल्या, आणि संध्याकाळपर्यंत काहीजण गाड्या घेऊन गोदामात येऊन उभे राहिले. त्यांना आमची भाषा येत नव्हती, पण दादाचे दोन शब्द आता सगळ्यांना पाठ होते. दादा वर चढायचा, दोन हिसके द्यायचा, आणि खालून तीस-चाळीस माणसं, वाकड्यातिकड्या उच्चारात, त्याच्या आधीच म्हणायची, "जाऊ दे." शेवटच्या शिडीला तर दादाला बोलावंच लागलं नाही. तो वर उभा राहून नुसता हसला. बाबा असते तर, एवढंच माझ्या मनात आलं आणि डोळे भरून आले, पण या वेळी मी कोणाच्या आड गेले नाही.

आम्ही बसलो. कायमची मागणी मिळाली, आणि ती मागितली होती त्याहून मोठी. चष्मेवालीने वरच्या पायरीवर बोट ठेवून विचारलं, हे पाखरू कसलं? मी म्हटलं, आमच्या बाबांचं. तिने ते शब्द जसेच्या तसे करारात घालून घेतले. प्रत्येक शिडीवर बाबांचं पाखरू असेल आणि ते कोणीही काढणार नाही. परतीच्या वाटेवर, ज्यांच्याशी माझी कधी गाठ पडली नव्हती, अशा माणसांच्या मागण्या आल्या, एक तर अशा देशातून, जो मला नकाशात शोधावा लागला. त्यांनी नोंदी वाचल्या होत्या. काहींनी तर सगळ्यात आधी "मोडली" असं लिहिलेली नोंद वाचली होती.

आता कारखान्यात वाळूची दोन जाकिटं आहेत, आणि चढायला दादाच्या हाताखाली दोन माणसं. साखळीवाल्याने एकशेवीसच्या खालचा आकडा घ्यायचा नाही अशी अक्कल साखळीला दिली आहे. दादाचा गुडघा बरा आहे. रविवारी त्याला एक बटाटा मिळतो.

नव्या हंगामाच्या तोंडावर संघाने साखळीत एक नवा रकाना घातला, सगळ्या कंपन्यांसाठी सक्तीचा. माणूस चढला का? कोण? त्याचं त्या दिवशीचं वजन किती? यंत्राने तपासलं असलं तरी हा रकाना रिकामा सोडता येत नाही. आमच्या बाबांनी भिंतीला शिडी टेकवून लावलेली रीत आता त्या संघाला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शिडीला पाळावी लागते.

त्यानंतरच्या आठवड्यात काडीपैलवानाचा फोन आला. आवाजातला मध आटला होता. इकडचंतिकडचं झालं, दादाच्या तब्येतीची चौकशी झाली. मी ठसा तापत ठेवला होता, त्यामुळे मला घाई होती.

"काम काय ते सांगा," मी म्हटलं.

"अगं, तो नवा रकाना." तो खाकरला. "माझ्याकडे कोणी धड वजनाचं माणूस नाही. मी स्वतः चढून बघितलं, साखळी छप्पन्न किलो घेत नाही. तुझ्या दादाला महिनाभर पाठवशील का? मागशील ते देतो."

मी दादाकडे बघितलं. तो भिंतीशी, शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, जाकीट घालून उभा होता. मी फोन वर धरला आणि त्याला विचारलं, काडी बोलावतोय, जाणार का?

दादाने वरूनच विचारलं, "त्याच्या शिड्यांवर पाखरू आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मी कशाला चढू?" दादा म्हणाला, आणि अंगाला दोन हिसके दिले. "जाऊ दे."

मी फोन ठेवला, दादा उतरल्यावर ठसा उचलला आणि वरच्या पायरीवर टेकवला. पाखरू सरळ बसलं.